बाकी निरंक

आमचं वर्ध्याचं घर विकताना माझ्या आईनं माझ्या सहा महिन्यांच्या पगाराएवढे पैसे हातचे सोडून दिले. प्राथमिक शाळेतल्या मास्तरणीचा पगार तो, डोळे दिपावेत असा नव्हता. पण आम्हां दोघींच्या संसाराला ती रक्कम फार मोठी होती. खरेदीखतात एक ओळ लिहू द्यायची नाही, एवढ्या हट्टापायी तिनं ती सोडली. नातलगांनी तिला वेड्यात काढलं. खरं सांगायचं तर वेड्यात काढणाऱ्यांत पहिली मी होते. आता माझं वय तिच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलं आहे, आणि आता कुणी तिला माझ्यासमोर वेडी म्हणून दाखवावं, मी त्याला हातातला चहा अर्धा ठेवून उठायला लावीन.

तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं. ते एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. चार खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, मागे विहीर. मी आठ वर्षांची असताना ते तापानं गेले. आईनं पुढच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या, शिवणयंत्र घेतलं, गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवली आणि मला मॅट्रिक करून नॉर्मल स्कूलला घातलं. मास्तरीण होऊन मी बाहेर पडले तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या बोटाला सुईचा घट्टा पडलेला होता.

नगरपालिकेला आमच्याकडे सगळे कमेटी म्हणत. वडील गेल्यावर दोन वर्षं कमेटीचं घरपट्टीचं बिल त्यांच्याच नावानं येत राहिलं. कुणी दुसरी असती तर म्हणाली असती, येऊ दे, पैसे तेवढेच लागतात. आईनं अर्ज केला, मृत्यूचा दाखला जोडला, सात-आठ खेपा घातल्या आणि रजिस्टरात आपलं नाव चढवून घेतलं. नावाच्या मागे ‘बेवा’ होतं, तेव्हाच्या कागदांत विधवेला तेच लिहीत. पण नाव तिचं होतं. तिच्या नावाचा दुसरा कागद जगात नव्हता. पहिल्या निवडणुकीच्या यादीतसुद्धा ती अमक्याची बायको एवढीच होती. घरपट्टीच्या पावतीवर मात्र ती स्वतः होती, आणि दर एप्रिलमध्ये, बिल हातात पडलं की दोन दिवसांत, ती लुगडं बदलून कमेटीत जायची आणि वर्षाची सगळी पट्टी एकदम भरून यायची. बहुतेक लोक दोन हप्त्यांत भरत, तेही शिपायाच्या चार चकरा झाल्यावर. तिला कुणी दारात येऊन पैसे मागितलेले चालत नसे.

माझी नेमणूक समुद्रपूरला झाली. मी तिथे भाड्याच्या खोलीत, आई वर्ध्याला, मध्ये बसचा धुळीचा रस्ता. तिचे गुडघे दुखायला लागले होते. मग आम्ही ठरवलं की हे घर विकायचं आणि समुद्रपूरला घ्यायचं. तिथं एक घर मी पाहूनही ठेवलं होतं: दोन खोल्या, पडवी आणि अंगणात स्वतःची विहीर. मला ते घर फार आवडलं होतं. रोज शाळेतून येताना मी मुद्दाम त्याच्यावरून यायचे.

वर्ध्याच्या घराला गिऱ्हाईकही चांगलं मिळालं. आंजीचा एक शेतकरी, वांगी-टमाटे, मेथी पिकवून वर्ध्याच्या बाजारात आणणारा. मुलांना शिकायला शहरात ठेवायचं म्हणून त्याला घर हवं होतं. भाव ठरला, त्यानं इसार दिला, आणि मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा आम्ही तिघं खरेदीखताचा मसुदा करायला कचेरीसमोर बसणाऱ्या अर्जनवीसाकडे गेलो. इथून घोळ सुरू झाला.

तेव्हाचा कायदा असा होता की नवरा गेल्यावर घर बायकोकडे येई, पण तिच्या हयातीपुरतं. ती त्यात राहू शके, भाडं खाऊ शके. विकायचं असेल तर मात्र नड दाखवावी लागे. नड नसताना विकलं, तर उद्या नवऱ्याच्या भावानं दावा लावून विक्री मोडून मागावी. आमच्या घरापुरता हा भाऊ म्हणजे माझे काका, सिंदी मेघे गावात राहणारे. त्यांची सही मिळाली असती तर प्रश्न मिटला असता, पण सहीसाठी त्यांनी विक्रीचे अर्धे पैसे मागितले होते. माझी, मुलीची सही होती. तिच्या भरवशावर कोणी चार आण्यांची वस्तू घेतली नसती.

“त्यात काई मोठं नाई,” अर्जनवीस म्हणाला. “एक कलम टाकू. घरपट्टी थकली, कमेटीची जप्ती याले आली, भराले पैसा नाई, म्हणून घर इकून राह्यली. सरकारी देणं म्हणजे पक्की नड. मंग तुमच्या दिराले दावा लावाले जागाच नाई राहात.”

हे कलम त्याला तोंडपाठ होतं. आमच्याकडे विधवेच्या प्रत्येक खतात ते असायचंच. देवाच्या नावानंतर लगेच तेच येई म्हटलं तरी चालेल. त्या खतांवर विश्वास ठेवायचा तर सगळ्या जिल्ह्यात एकाही विधवेनं कधी वेळेवर पट्टी भरली नव्हती.

आई म्हणाली, “पट्टी तं म्या कधी थकवली नाई.”

“अवो बाई, कागदावर लिहाचं हाय फक्त.”

“कागदावर खरं लिहाचं नसन, तं कागद कायले कराचा?”

अर्जनवीस हसला. शेतकरी हसला नाही; तो जमिनीकडे पाहत होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि आयुष्यभराची शिल्लक तो या घरात घालत होता. “बाई, ते कलम असलं तं मले झोप येईन,” तो हळूच म्हणाला. आई उठली, चपला घातल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी घराकडे चालायला लागली. शेतकरीही गेला. मी मागे राहिले.

मी मागे राहिले हे पाहूनच अर्जनवीसानं आवाज खाली घेतला. “मास्तरीणबाई, यंदाचं बिल आलं का?”

“कालच आलंय. भरायचंय.”

“भरू नोका. नोटीस येऊ द्या. नोटीस आली का कलम खरं होते. मंग तुमच्या मातोश्री कायले नाई म्हणतीन?”

मला हे पटलं. मी शिकलेली होते ना. खोटं लिहायचं नाही एवढंच तिचं म्हणणं आहे, तर लिहिण्याआधी ते खरं करून ठेवावं, असा माझा हिशेब. ही शक्कल त्याची एकट्याची नव्हती. विधवेचं घर विकायचं ठरलं की पट्टी मुद्दाम थांबवायची आणि नोटीस आली की ती जपून खताला जोडायची, ही आमच्याकडची चालच होती. कमेटीच्या शिपायालाही ती माहीत असे, आणि नोटीस वेळेवर आणून दिल्याबद्दल त्याला चहा मिळे.

दुसऱ्या दिवशी आईचा गुडघा सुजला. तिनं पट्टीचे पैसे रुमालात बांधून माझ्या हातात दिले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा ती स्वतः गेली नाही. मी बाजारातून एक चक्कर मारून परत आले, पैसे माझ्या ट्रंकेत तळाशी ठेवले आणि सांगितलं की पावतीबुक संपलंय, पावती मागून देतील. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि परत शिवायला बसली. सुट्टी संपली, मी समुद्रपूरला गेले, जाताना पैसे बरोबर नेले. त्यातला एक पैसाही मी खर्च केला नाही, हे सांगून मी स्वतःला फार प्रामाणिक समजत होते.

श्रावणात तिचं कार्ड आलं. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं मोठं, सुटं अक्षर. ‘ये. पट्टीचे पैसे घेऊन ये.’ बाकी कार्ड कोरं होतं.

शनिवारची दुपारची बस धरून मी आले. गल्लीत शिरल्यापासून बायका माझ्याकडे जरा जास्तच पाहत होत्या. आमच्या दारावर, कडीच्या वर, माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी कमेटीची नोटीस चिकटवलेली होती. शिपायानं ती आईच्या हातात द्यायला पाहिली, तर ती म्हणाली माझ्यावर बाकी नाही, मी घेत नाही. मग त्यानं खळ लावून दारावर डकवून दिली. भाडेकरूंनी वाचली, शेजारणींनी पोरांकडून वाचून घेतली. नोटीस लागून बारा दिवस झाले होते आणि आई त्याच दारातून रोज आत-बाहेर करत होती.

“आई, तू ही काढली का नाहीस?”

“तू लावली. तूच काढ.”

मी ओलं फडकं घेऊन ती खरवडत बसले. खळ वाळून दगड झाली होती. शाळेत पन्नास पोरींना दटावणारी मी, भर दिवसा गल्लीसमोर नखांनी दार खरवडत होते, आणि शेजारची एकही खिडकी मिटलेली नव्हती. शरमेपेक्षा मला रागच जास्त आला होता. आत जाऊन मी तिच्यावर ओरडले. “हे मी कुणासाठी केलं? समुद्रपूरचं घर आता दुसरं कोणी घेऊन जाईल. एका ओळीनं काय होतं? कचेरीतल्या पेटीत पडून राहणार ते खत. कोण वाचतंय?”

“मले वाचता येते,” ती म्हणाली.

तिनं यंत्राचं चाक थांबवलं. मग तिनं जे सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं.

“तू सातवीत व्हती तवा फी थकली म्हणून तुले आठ दिवस शाळेतून घरी पाठवलं व्हतं. आठवते?”

आठवत होतं. मी आठ दिवस रडत होते. हुशार मुलगी म्हणून पहिल्या बाकावर बसणारी मी, आणि वर्गातून नाव घेऊन उठवलं होतं.

“त्या टायमाले पट्टीचे पैसे माह्या हातात व्हते. म्या पट्टी भरली.”

मला फार वाईट बोलावंसं वाटलं. त्या आठ दिवसांचा सल मी इतकी वर्षं जिनिंगच्या मालकावर, शाळेवर, देवावर ढकलत आले होते, आणि पैसे तिच्या कमरेला होते. “माझ्या शाळेपेक्षा तुला कमेटी मोठी वाटली?” मी म्हणाले.

“फी थकली तं पोरगी आठ दिवस घरी बसते. पट्टी थकली तं घर जाते.” तिचा आवाज चढला नाही. “तुह्ये बाबा गेले त्याच साली भाऊजी कमेटीत जाऊन सांगून आलते का वैनीची बाकी राह्यली तं मले खबर द्या. जप्ती झाली असती तं लिलावात त्यायनंच घेतलं असतं घर. पंधरा साल ते पाहून राह्यले व्हते का मी कधी चुकते. मी चुकली नाई. आता मीच सरकारच्या पुस्तकात लिहून देऊ का मी चुकली?”

दर एप्रिलमध्ये लुगडं बदलून कमेटीत जाणारी आई मला लहानपणी फार गंमतशीर वाटायची, जशी काही लग्नाला चालली आहे. ती दर वर्षी आपलं घर दिराच्या तोंडातून काढून आणायला जात होती, हे मला तेविसाव्या वर्षी कळलं. राग गेला नव्हता, पण तो ठेवायला जागा राहिली नव्हती.

सोमवारी मी शाळेला रजेची तार केली आणि आम्ही दोघी कमेटीत गेलो. खिडकीमागचा कारकून म्हातारा होता, आईला वर्षानुवर्षं ओळखणारा. चष्मा वर करून तो म्हणाला, “काऊन बाई, यंदा काय झालं? दर साली तं पहिल्यांदा तुमचीच पावती फाटते.”

आईनं मला दंडाला धरून पुढे केलं. “सांग.”

मागे पंधरा-वीस माणसं रांगेत होती. त्यात माझ्या एका विद्यार्थिनीचा मामाही होता. मी म्हणाले, “पैसे माझ्याजवळ होते. मी भरले नाहीत.”

“काऊन?” कारकुनानं विचारलं. त्यालाही खरं तर माहीतच असणार.

“घर विकायला सोपं जावं म्हणून.”

रांगेत कोणीतरी खाकरलं. कारकुनानं मान खाली घालून पावती लिहिली. दंड लागला तो मी माझ्या पगारातून भरला. मग आईनं आणखी एक कागद मागितला, घर विकताना लागतो तो, कमेटीचं काही देणं नसल्याचा दाखला. त्यानं लिहून दिला: अमुक वॉर्ड, अमुक नंबरचं घर, बाकी निरंक. आईनं तो दोनदा वाचला आणि घडी न घालता हातात धरून बाहेर आली.

अर्जनवीसाला सगळी बातमी आधीच लागली होती. नोटीस निघाली, दंडाची पावती झाली, तो खुशीत होता. “आता तं पुरावाच आला नं बाई. आता कलम खोटं नाई.”

“थकलं ते माह्या पोरीचं,” आई म्हणाली. “माह्यं नाई. हे जोडा खताले.” आणि दाखला त्याच्या पाटीवर ठेवला.

त्यानं तो वाचला आणि कपाळाला हात लावला. “हे जोडलं तं खताचं वाटोळं होईन. बाकी नाई म्हणजे नड नाई. नड नाई म्हणजे इकाचा हक नाई. अवो, थकबाकी असलेली बाई घर इकू शकते, पट्टी भरणारी नाई इकू शकत. कायदा हाय तसा.”

त्या माणसानं ते चेष्टेत म्हटलं नव्हतं. मी अनेकदा ते वाक्य मनात घोळवलं आहे आणि दर वेळी माझं डोकं तापतं. जिनं बुडवलं ती मालकीण, जिनं भरलं ती राखणदार. आणि हे सगळ्यांना इतकं साधं वाटायचं की त्यावर उपाय म्हणून बायकांना बुडवायला शिकवत होते. मीही शिकवणाऱ्यांतली झाले होते.

“मंग कारण काय लिहू?” त्यानं विचारलं.

“काई लिहू नका.”

“बिनकारणाचं खत कोनी घेईन का?”

“घेणाऱ्याले इचारते मी.”

आंजीचा शेतकरी पुढल्या बाजाराच्या दिवशी घरी आला. टोपली रिकामी झाली होती, तळाशी चार वांगी राहिली होती ती त्यानं आईसमोर ठेवली. पडवीत बसून त्यानं सगळं ऐकून घेतलं. दाखल्यावर बोट फिरवून पाहिलं. “बाई, तुमच्यावर माहा भरोसा हाय,” तो म्हणाला. “तुमच्या दिरावर नाई. उद्या त्यायनं दावा लावला तं मी आंजीहून कोर्टाच्या तारखा करू का वांगी तोडू?”

“खरं हाय तुमचं,” आई म्हणाली. “मंग असं करा, तुमच्या भेवाची किंमत सांगा. तेवढी भावातून कापा.”

असं कुणी त्याला पूर्वी म्हटलं नसावं. वकिलाचा खर्च, तारखांचे दिवस, कुणास ठाऊक काय काय त्यानं मनात धरलं. मग त्यानं आकडा सांगितला. माझ्या सहा महिन्यांच्या पगाराएवढा. मी आतल्या दारात उभी होते, मी “आई” म्हणाले, एवढंच म्हणाले.

“बरं,” आई त्याला म्हणाली. बाजारात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीसाठीही तीनदा भाव पाडून मागणारी माझी आई. एका शब्दानं घासाघीस केली नाही.

तो उठला, उपरणं झटकलं आणि थांबला. “यंदाची पट्टी मार्चपावतर भरली नं तुमी?”

“सारी भरली.”

चालत आलेली रीत अशी की ज्या वर्षात घर विकलं त्या वर्षाची पट्टी विकणाऱ्यानं सोसायची. भरून ठेवली असली तर गेली. त्यानं बोटांच्या पेरांवर दिवाळीपासून मार्चपर्यंतचे महिने मोजले, दर महिन्याचं किती येतं ते मला विचारलं, आणि कमरेच्या पिशवीतून तेवढे पैसे काढून जमिनीवर ठेवले. “दिवाळीले मी राहाले येईन. तवापासून पट्टी माही.” दंडातलाही थोडा भाग तो देऊ करत होता, तर आई म्हणाली, तो माझ्या पोरीचा आहे, त्याला हात लावू नका. पट्टीचे पैसे मात्र तिनं मोजून घेतले. मला तेव्हा ते हास्यास्पद वाटलं. डोंगर सोडून दिला आणि खडे वेचून घेतले, असं मी तिला म्हणालेही. ती म्हणाली, “ते त्याचं देणं व्हतं. त्याले समजलं, अन् त्यानं देल्लं.”

समुद्रपूरचं विहिरीचं घर अर्थातच गेलं. आम्हाला दीड खोली मिळाली, वर टिनाचं छप्पर, पाणी गावच्या विहिरीचं. सात वर्षं मी शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर पाणी भरलं, आणि पहिली काही वर्षं दर घागरीला मी तिला मनातल्या मनात बोलले. काकांनी वकिलाचं एक पत्र पाठवलं, आंजीच्या शेतकऱ्याला एकदा बाजारात गाठून दम दिला, आणि मग ते थंडावले. दावा कधी लागला नाही. पुढल्याच वर्षी कायदा बदलला आणि विधवेच्या ताब्यातलं घर पुरतं तिचं झालं. मग तर नातलगांना बोलायला जोरच आला. एक वर्ष थांबली असती तर फुकटात झालं असतं, हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे. मी स्वतःसुद्धा एकदा घागर उतरवताना ते तिला ऐकवलं. ती भाकरी थापत होती. “कोनाची वाट पाहू?” एवढंच ती म्हणाली.

पण रजिस्ट्रीचा दिवस सांगायचा राहिला. दिवाळी झाल्यावरचा तो पहिला आठवडा. अर्जनवीसानं बिनकारणाचं खत लिहून दिलं होतं, आणि उद्या काही झालं तर माझी जबाबदारी नाही, असं आमच्याकडून वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं. रजिस्ट्रीचे साहेब जबलपूरकडून नुकतेच आलेले, हिंदी बोलणारे. खोली माणसांनी भरलेली. काकाही आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, ते खिडकीशी हात मागे बांधून उभे होते. साहेबांनी आईला नाव विचारलं. तिनं स्वतःचं नाव सांगितलं, त्यापुढे माझ्या वडिलांचं. मग ते खत वाचायला लागले. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, परत पहिल्यावर आले. त्यांचं बोट कागदावर काहीतरी शोधत होतं. अर्जनवीस माझ्या शेजारी उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

“इसमें तो कारण लिखा ही नहीं है,” साहेब म्हणाले. “मकान क्यों बेच रही हैं, बाई?”

अर्जनवीस पुढे झाला. “साहब, वो ऐसा है...”

साहेबांनी त्याला हातानं थांबवलं आणि आईकडे पाहिलं.

“माह्यं हाय म्हणून,” आई म्हणाली.

साहेबांनी खिडकीकडे नजर टाकली, काकांकडे. काकांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग साहेबांनी टाक दौतीत बुडवला, खताच्या मागे जे लिहायचं ते लिहिलं, आणि तिला सही करायला जागा दाखवली. कायद्यानं त्या दिवशी ते घर अजून तिचं नव्हतं. त्या खोलीतल्या आम्हां सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि तिला तसं कोणी म्हणालं नाही.